रक्तातलं बिलिरुबिन वाढणं

जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की हिमोग्लोबिनमधल्या हीमपासून तयार होणारं पिवळं द्रव्य म्हणजे बिलिरुबिन. मोठ्या माणसात टोटल (डायरेक्ट आणि इनडायरेक्ट मिळून) साधारण 1.2 मिग्रॅ/डेसिलिटरच्या आत असतं, लॅबप्रमाणे थोडं इकडेतिकडे, आणि 2.5-3 च्या पुढे गेलं की डोळे पिवळे दिसायला लागतात.

रिपोर्टमधली डायरेक्ट-इनडायरेक्ट ही विभागणी डच डॉक्टर व्हॅन डेन बर्ग यांच्या 1916 च्या कामापासूनची, त्यामागची रंगाची रिॲक्शन जर्मन शास्त्रज्ञ एर्लिखची, त्याहून जुनी. लिव्हरने ग्लुकुरॉनिक ॲसिड जोडलेलं ते डायरेक्ट, न जोडलेलं ते इनडायरेक्ट असं ढोबळमानाने धरतात, पण ते तंतोतंत नाही, कारण अल्ब्युमिनला (रक्तातलं एक प्रोटीन) घट्ट चिकटलेलं डेल्टा बिलिरुबिनही डायरेक्टमध्येच मोजलं जातं आणि ते अल्ब्युमिनबरोबरच दोन-तीन आठवडे रेंगाळतं, म्हणून पेशंट बरा दिसतो, लघवीचा रंग नॉर्मल होतो, तरी रिपोर्ट हटत नाही.

डायरेक्ट वाढलं तर हिपॅटायटिस, दारू, औषधं, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), पित्तनलिकेतला खडा किंवा गाठ. इनडायरेक्ट वाढलं तर पेशी जास्त मोडतायत का बघतात: सिकल सेल (विदर्भ, नंदुरबार भागात हे आधी तपासावं), थॅलेसेमिया, जी सिक्स पी डी या एन्झाइमची कमतरता, मलेरिया. बी 12 ची कमतरता मात्र बऱ्याचदा विसरली जाते, त्यात पेशी बोन मॅरोमध्येच मोडतात.

लिव्हरची एन्झाइम नॉर्मल, हिमोग्लोबिन ठीक, फक्त इनडायरेक्ट 1.5-3, तर बहुतेक गिल्बर्ट सिंड्रोम. तो पहिल्यांदा ओळखल्याचं श्रेय कुणाचं यावर एकमत नाही. गिल्बर्ट आणि लरबुले यांनी 1901 मध्ये वर्णन केलं, पण जर्मन ग्रंथांत मॉयलेनग्राख्टचं नावही चालतं, आणि जुन्या पेशंटमधले काही आजच्या व्याख्येत बसतील का ही शंका रास्त वाटते. 1995 मध्ये यूजीटी1ए1 जीनच्या (ग्लुकुरॉनिक ॲसिड जोडणारं एन्झाइम यातून बनतं) प्रमोटरमध्ये, म्हणजे जीन किती चालेल हे ठरवणाऱ्या भागात, टीए या डीएनएच्या अक्षरांची एक जोडी जादा सापडली, तेव्हापासून याला आजार न म्हणता शरीराची ठेवण म्हणणं जास्त बरोबर ठरतं. ताप, दमणूक, उपाशी राहणं यात आकडा चढतो. पूर्वी निदानासाठी दोन दिवस 400 कॅलरींवर ठेवायचे (साबुदाणा खिचडीचा उपवास यात धरू नये). ट्रीटमेंट लागत नाही, पण इरिनोटेकान हे कॅन्सरचं औषध शरीराबाहेर पडायला याच यूजीटी1ए1 एन्झाइमवर अवलंबून असल्याने अशा लोकांना त्याचा त्रास जास्त होऊ शकतो, ते सुरू करायच्या आधी डॉक्टरना सांगावं.