आत्महत्या प्रतिबंध लोकशिक्षण (स्वयंसेवी)

आत्महत्येचा विचार करणारा माणूस ओळखणे, त्याच्याशी उघडपणे बोलणे आणि त्याला मदतीपर्यंत पोचवणे हे सर्वसामान्यांना शिकवण्याचे काम. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ७ लाखांहून अधिक माणसे आत्महत्येने मरतात. स्वयंसेवक इथे उपचार करत नाही. तो विचारतो, ऐकतो, जोडून देतो.

लंडनमध्ये १९५३ साली धर्मगुरू चॅड वारा यांनी आत्महत्येचा विचार करणाऱ्यांसाठी ‘समॅरिटन्स’ ही संस्था सुरू केली. त्यांच्या भेटीसाठी थांबलेल्यांशी स्वयंसेवक बोलत बसत, आणि कित्येकांना पुढे वारांना भेटायची गरजच उरत नसे. तिथे हे ऐकण्याचे काम स्वयंसेवकांच्या हाती आले.

वर्ग दीड-दोन तासांचा, २०-२५ जणांचा असावा. शिकवणारे दोघे हवेतच. एक बोलतो, दुसरा दाराजवळ बसतो. कोणी मध्येच उठून गेले तर त्याने मागोमाग जायचे. समोर बसलेल्यांत कोणाच्या तरी घरी हे घडलेले असते, हे धरूनच चालावे.

सर्वाधिक वेळ एका प्रश्नाला द्यावा: ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ जोड्या करून तो मोठ्याने म्हणवून घ्यावा. पहिल्यांदा आवाज अडखळतो, नजर खाली जाते; चार-पाचदा म्हटल्यावर शब्द तोंडात बसतात. ‘काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?’ असे विचारणे म्हणजे ‘नाही’ वदवून घेणे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत अभ्यासांत खरी ठरलेली नाही.

उत्तर ‘हो’ आले तर उपदेश नको. ‘घरच्यांचा विचार कर’ हे वाक्य अपराधीपणा वाढवते आणि बोलणे तिथेच थांबते. काही ठरवले आहे का, साधन हाताशी आहे का, हे शांतपणे विचारावे. धोका जवळचा वाटला तर एकटे सोडू नये, साधन दूर करवावे, तातडीची सेवा बोलवावी. ‘कोणाला सांगणार नाही’ असा शब्द कधीच देऊ नये. तो मोडावा लागतो.

वर्गात आत्महत्येच्या पद्धतींचे वर्णन, चित्रे किंवा ‘यशस्वी प्रयत्न’ असे शब्द वापरत नाहीत. वाटायच्या पत्रकावरील हेल्पलाइनचे क्रमांक त्याच सकाळी लावून पाहावेत. जवळचे माणूस नुकतेच गमावलेल्याने लगेच शिकवायला उभे राहू नये. तोवर पत्रके, नोंदणी अशी कामे घ्यावीत. वर्गानंतर दोघा स्वयंसेवकांनी १५ मिनिटे एकमेकांशी बोलूनच घरी जावे.