फळांची ब्रँडी: भट्टी पेटवायच्या आधीच निम्मं काम झालेलं असतं

फळांची ब्रँडी घरी करून बघायची म्हटली की लोक पहिला प्रश्न भांड्याचा विचारतात, तांब्याचं घ्यायचं की स्टीलचं, किती लिटरचं, पाइप केवढा. मला विचाराल तर भांडं नंतर, आधी फळ बघा. भट्टी नवीन काहीच तयार करत नाही हो, आंबलेल्या लगद्यात जे आहे त्यातलं काही वाफेबरोबर वर नेते, काही मागे ठेवते, बास. लगदा बिघडलेला असेल तर तोच वास दुप्पट कडक होऊन बाटलीत येणार.

आणि कायद्याचं आधीच सांगतो. वाइन घरी आंबवायला बऱ्याच देशांत चालतं पण ती उकळून अल्कोहोल वेगळं काढायला बहुतेक ठिकाणी लायसन्स लागतं. न्यूझीलंडने १९९६ मध्ये स्वतःपुरतं काढायला परवानगी दिली, तसे देश फार थोडे. तुमच्याकडचा नियम नीट वाचा, आणि परवानगी नसेल तर आंबवण्यापर्यंतच थांबा, खरं शिकण्यासारखं तिथेच जास्त आहे.

यीस्ट साखर खातं आणि वजनाने साधारण अर्धं अल्कोहोल, अर्धा कार्बन डायऑक्साइड सोडतं. १०० किलो सफरचंदाच्या लगद्यात १० टक्के साखर धरली तर अल्कोहोल होतं ५ किलो, म्हणजे कागदावर साडेसहा लिटर शुद्ध, प्रत्यक्षात ४-५ लिटर मिळालं तरी चांगलं. मग वरून साखर घालायचा मोह होतो. अल्कोहोल वाढतं त्याने, पण सुगंध तेवढाच राहतो, उलट पातळ होतो. त्यापेक्षा फळ पूर्ण पिकू द्या. विल्यम्स नासपतीचा तो ओळखीचा वास मुख्यतः डेकाडायनोएट नावाच्या एस्टर्समुळे (फळांना वास देणाऱ्या रसायनांमुळे) असतो आणि ते फळ पिकत जातं तसे वाढतात, कच्च्या फळात नसलेला वास भट्टी कुठून आणणार? सडका भाग मात्र कापून टाका, त्यातले बॅक्टेरिया व्हिनेगरकडे नेतात. वाइन टिकावी म्हणून त्यात घालतात ते सल्फाइट इथे घालू नका, ते वाफेबरोबर वर येतं.

आता मिथेनॉल, म्हणजे अल्कोहोलचाच विषारी प्रकार. "पहिली धार (भट्टीतून सगळ्यात आधी येणारं थोडं अल्कोहोल) फेकली की मिथेनॉल गेलं" हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की खरंच वाटतं. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, इथेनॉल, म्हणजे पिण्याचं अल्कोहोल, ७८.४ ला, म्हणजे आधी मिथेनॉल बाहेर पडत असणार असा तो हिशेब. पण भांड्यात ते दोन वेगवेगळे थर करून बसलेले नसतात, पाण्यासकट सगळं एकजीव असतं, पाणी जास्त असलं की मिथेनॉलचा वर जायचा वेगही बदलतो, आणि ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत थोडं थोडं येतच राहतं. मिथेनॉल तयार होतं पेक्टिनपासून, म्हणजे जॅम घट्ट करणाऱ्या फळातल्याच पदार्थापासून, आंबताना एन्झाइम्स पेक्टिन तोडतात तेव्हा. म्हणजे त्याचं प्रमाण लगद्यातच ठरतं. स्वच्छ फळाच्या ब्रँडीत ते थोडं असतंच, युरोपियन युनियनमध्ये साधारण मर्यादा लिटरभर शुद्ध अल्कोहोलमागे १० ग्रॅम आहे. सामूहिक विषबाधेच्या ज्या बातम्या येतात त्यात बहुतेकदा कोणीतरी औद्योगिक मिथेनॉल मिसळलेलं असतं.

मग पहिली धार टाकायचीच नाही का? टाकायचीच, फक्त कारण वेगळं. तिच्यात ॲसिटाल्डिहाइड आणि इथाइल ॲसिटेट असतं, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. मग मधला भाग येतो, तिथे फळ ओळखू येतं, आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्यासारखा जड वास. लहान लहान बरण्यांत क्रमाने गोळा करून वास घेत बसणं हीच या कामातली कला आहे, थर्मामीटर मदत करतो पण निर्णय नाकच घेतं.

तांब्याचं कौतुक उगाच नाही, यीस्टमधून येणारे सडक्या अंड्यासारखे गंधकाचे वास तांबं धरून ठेवतं. आलुबुखार, चेरी, जर्दाळू वापरताना बिया फुटू देऊ नका, आतल्या अमिग्डालिनपासून सायनाइड तयार होतं.

सुरक्षेच्या बाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही. अल्कोहोलची वाफ पेट घेते, त्यामुळे उघडी ज्योत नको, हवा खेळती हवी, वाफेची वाट कधीच पूर्ण बंद नसावी, आणि चालू भांडं सोडून जायचं नाही. जुन्या गाडीचा रेडिएटर कंडेन्सर (वाफ थंड करायचा भाग) म्हणून वापरू नका, त्यातल्या डागकामाचं शिसं धारेत उतरतं आणि ते शरीरात साठत जातं.

शेवटी पाणी घालून ४०-४५ टक्क्यांवर आणताना ब्रँडी दुधाळ झाली तर घाबरू नका, सुगंधी तेलं पाण्यात विरघळत नाहीत म्हणून तसं होतं. पाणी थोडं थोडं, काही दिवसांच्या अंतराने घाला, मग थंड करून गाळा, पण फार बारीक गाळलं तर तो सुगंधही गाळणीतच राहतो, त्यामुळे मी थोडा धूसरपणा राहू देतो.