बायकार्बोनेटवरून कळतं श्वासाच्या आजाराचं वय

फुप्फुसांतून कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडेनासा झाला, की तो रक्तातल्या पाण्याशी मिळून कार्बॉनिक आम्ल तयार करतो आणि काही मिनिटांतच रक्ताचा सामू (पीएच) घसरतो. मूत्रपिंडं हे सावरतात, पण भरपाई पूर्ण व्हायला तीन ते पाच दिवस जातात. ही दिरंगाई डॉक्टरांच्या फार उपयोगी पडते, आणि कधी कधी रुग्णाच्या अंगाशीही येते.

सामू ठरतो तो बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल शमवणारा घटक) आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांच्या गुणोत्तरावर. निरोगी माणसात लिटरमागे २४ मिलिमोल बायकार्बोनेट असतं आणि १.२ मिलिमोल विरघळलेला वायू. म्हणजे २० : १, सामू ७.४. वायू वाढला तर बायकार्बोनेटही वाढवायचं, एवढंच मूत्रपिंडांना करायचं असतं.

पण ते आणायचं कुठून? मूत्रपिंडांत दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातलं जवळजवळ ४,३०० मिलिमोल बायकार्बोनेट मूत्रपिंडातल्या बारीक नलिका परत शोषून घेतात. त्यानं असलेलं टिकतं, वाढत नाही. वाढवायचं तर नवं बनवावं लागतं, आणि त्यासाठी तेवढंच आम्ल लघवीतून बाहेर टाकावं लागतं. अडचण अशी, की लघवीचा सामू साधारण ४.५ च्या खाली जात नाही, आणि त्या सामूला लिटरभर लघवीत सुटे हायड्रोजन आयन मावतात जेमतेम ०.०३ मिलिमोल. रोजचं नेहमीचं आम्लच ७० मिलिमोलच्या घरात असतं! म्हणून आम्लाला वाहक लागतो. फॉस्फेट असतं, पण मर्यादित. खरी मदार अमोनियावर. नलिकेच्या पेशी ग्लुटामिन हे अमिनो आम्ल फोडतात. त्याच्या एका रेणूतून दोन अमोनियम आयन (हायड्रोजन आयन उचललेला अमोनिया) आणि दोन बायकार्बोनेट मिळतात. अमोनियम क्लोराइडला सोबत घेऊन लघवीत जातो, बायकार्बोनेट रक्तात येतं. ही यंत्रणा वाढायला वेळ लागतो, म्हणूनच एवढे दिवस.

आता एबीजी तपासणीचा, म्हणजे धमनीतल्या रक्तातले वायू मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट पाहा. कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० वरून ६० मिमी पारा झालाय. बायकार्बोनेट २६ आणि सामू ७.२६ असेल तर त्रास काही तासांचा. बायकार्बोनेट ३१ आणि सामू ७.३४ असेल तर दुखणं जुनं. ढोबळ नियम असा: दाबातल्या दर १० मिमी वाढीला बायकार्बोनेट सुरुवातीला १ नं वाढतं, भरपाईनंतर साडेतीन ते चारनं. मात्र नुसत्या शिरेतल्या रक्ताच्या रिपोर्टात ३१ दिसलं म्हणून हा निष्कर्ष काढू नये. सततच्या उलट्यांनीही तेवढं वाढतं.

उलट प्रकारात, म्हणजे अतिवेगानं श्वास चालतो तेव्हा, मूत्रपिंडं बायकार्बोनेट सोडून देतात. दाबातल्या दर १० मिमी घटीला ते लगेच २ नं आणि दोन-तीन दिवसांत चार-पाचनं उतरतं. उंच पर्वतावर जाताना देतात ते अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध हेच काम लवकर करून घेतं.

धोका असतो भरपाई झाल्यानंतर. जुन्या सीओपीडीच्या (श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या दीर्घ आजाराच्या) रुग्णात दाब ८०, बायकार्बोनेट ३८, सामू ७.३० अशी घडी बसलेली असते. व्हेंटिलेटर लावून कुणी तासाभरात दाब ४० वर आणला, तर बायकार्बोनेट जागचं हलत नाही आणि सामू थेट ७.६० वर जातो. अशा वेळी झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून लक्ष्य ठेवायचं ते सामूचं. या रुग्णाचा दाब ४० वर आणायचा हट्ट चुकीचा. जादा बायकार्बोनेट पुढं आपोआप उतरतं, पण त्यासाठी क्लोराइड हवं, कारण नलिकेतल्या ठरावीक पेशी क्लोराइड आत घेऊनच बायकार्बोनेट बाहेर टाकतात. अमोनियमसोबत ते आधीच बरंच गेलेलं असतं. त्यात पायांच्या सुजेसाठी फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध चालू असेल तर आणखी कमी. क्लोराइड आणि पोटॅशियम भरून काढेपर्यंत अशा रुग्णाचं बायकार्बोनेट चढलेलंच राहतं, आणि रक्त अल्कधर्मी झालं की श्वासाची प्रेरणा मंदावते, त्यामुळे व्हेंटिलेटर काढणं लांबतं.