त्रिमितीय अक्षरांवरील धातुपरावर्तन

संगणकावर उभारलेली त्रिमितीय अक्षरे सोन्याची, चांदीची, क्रोमची किंवा घासलेल्या पोलादाची भासावीत आणि ती हलताना त्यांच्या अंगावरून झळाळी सरकत जावी, यासाठी संगणकीय चित्रणात वापरतात त्या तंत्रांना मिळून ‘त्रिमितीय अक्षरांवरील धातुपरावर्तन’ हे नाव देता येईल. वाहिन्यांची बोधचिन्हे, चित्रपटांची शीर्षके, लग्नाच्या व्हिडिओतील वधूवरांची नावे अशा ठिकाणी ती नेहमी दिसतात. या कामात बहुतेकांचा वेळ अक्षर घडवण्यात जातो; पण परिणाम ठरतो तो अक्षराभोवती काय मांडले आहे यावर. गुळगुळीत धातूवर आपल्याला जे दिसते ते जवळजवळ सगळे आसपासचे प्रतिबिंब असते.

लाकूड, कागद किंवा प्लॅस्टिक यांवर पडलेला प्रकाश पृष्ठभागाच्या किंचित आत शिरतो, विखुरतो आणि त्या पदार्थाचा रंग घेऊन बाहेर येतो. म्हणून लाल प्लॅस्टिकचा डबा कुठेही ठेवला तरी लालच दिसतो. धातूत शिरलेला प्रकाश आतच शोषला जातो. बाहेर येतो तो फक्त पृष्ठभागावरून परतलेला. समोरून पाहताना प्लॅस्टिक सुमारे ४ टक्के प्रकाश परतवते, तर ॲल्युमिनियम ९० टक्क्यांच्या आसपास आणि चांदी ९५ टक्क्यांहून जास्त. सोने लाल प्रकाश जवळजवळ सगळा परतवते, निळा मात्र निम्म्याहून कमी. त्यातून त्याचा पिवळेपणा येतो. याचा व्यवहारातला अर्थ असा, की सोन्याच्या अक्षरावर पडलेली चमकही सोनेरीच हवी. चमक पांढरी ठेवली की पिवळे प्लॅस्टिक दिसू लागते. रॉबर्ट कुक आणि केनेथ टोरन्स यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परावर्तनाच्या प्रतिमानात हा फरक नेमका मांडला होता. नजर पृष्ठभागाला अगदी तिरकी लागते तिथे मात्र सगळेच पदार्थ आरशासारखे वागतात आणि धातूचा रंगही फिका होत पांढऱ्याकडे झुकतो. चांगल्या रेंडरमध्ये, म्हणजे संगणकाने काढलेल्या अंतिम चित्रात, अक्षराच्या कडा त्यामुळे आपोआप उजळ होतात.

प्रतिबिंब दाखवण्याचा सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक बिंदूपासून किरण परतवून तो कुठे आदळतो हे पाहणे, म्हणजेच रे ट्रेसिंग. टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये ते सविस्तर मांडले, पण त्या काळच्या यंत्रांना ते फार जड होते. त्याआधीच, १९७६ मध्ये, जेम्स ब्लिन आणि मार्टिन न्यूएल यांनी एक स्वस्त आणि अतिशय सुंदर युक्ती सुचवली होती. वस्तूभोवतीचा सगळा परिसर एका चित्रात साठवायचा. मग प्रत्येक बिंदूवर पृष्ठभागाची लंबदिशा आणि पाहणाऱ्याची दिशा यांवरून परावर्तित दिशा काढायची आणि त्या दिशेला चित्रात जो रंग असेल तो उचलायचा. परिसर अनंत अंतरावर आहे असे यात गृहीत धरलेले असते, त्यामुळे एक अक्षर शेजारच्या अक्षरात दिसत नाही. तरीही डोळा सहज फसतो. प्रतिबिंबाचा तपशील बरोबर आहे का हे आपण क्वचितच तपासतो, ते हालचालीबरोबर सरकते आहे एवढे पुरते. या पद्धतीला एन्व्हायर्नमेंट मॅपिंग किंवा रिफ्लेक्शन मॅपिंग म्हणतात.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जीन मिलर आणि केन पर्लिन यांनी एका संस्थेत, तर मायकेल चाऊ आणि लान्स विल्यम्स यांनी दुसरीत, आरशासारख्या चकचकीत गोळ्याचा फोटो काढून तोच परिसराचे चित्र म्हणून वापरला. खऱ्या जागेचे प्रतिबिंब संगणकातल्या वस्तूवर उतरले ते असे. नेड ग्रीन यांनी १९८६ मध्ये गोळ्याऐवजी घनाच्या सहा बाजूंवर परिसर साठवण्याची पद्धत मांडली. संगणकीय खेळांत आणि तत्काळ चित्रणात ती आजही मोठ्या प्रमाणावर वापरतात. १९९८ मध्ये पॉल डेबेवेक यांनी मोठ्या प्रकाशपल्ल्याचे, म्हणजे एचडीआर, फोटो वापरून वस्तू उजळण्याचे तंत्र पुढे आणले. धातूसाठी हा बदल फार मोलाचा ठरला. साध्या फोटोत खिडकी आणि पांढरी भिंत दोन्ही सारखीच पांढरी नोंदली जातात. एचडीआरमध्ये खिडकी भिंतीच्या कितीतरी पट तेजस्वी राहते, आणि सोन्यावरचा तो डोळे दिपवणारा ठिपका तिथूनच येतो.

घरच्या संगणकावर हा परिणाम अनेकांनी पाहिला तो मात्र स्क्रीनसेव्हरमध्ये. विंडोज एक्सपीतल्या ‘थ्रीडी टेक्स्ट’ या स्क्रीनसेव्हरमध्ये आपला मजकूर किंवा वेळ फिरत्या अक्षरांत दाखवता येई आणि पृष्ठभागासाठी सॉलिड कलर, टेक्स्चर व रिफ्लेक्शन असे तीन पर्याय होते. टेक्स्चर निवडले तर चित्र अक्षराला चिकटून त्याच्यासोबत फिरे. रिफ्लेक्शन निवडले तर तेच चित्र अक्षरावरून घसरत जाई आणि अक्षर लगेच धातूचे वाटू लागे. स्वतःचे चित्रही देता येई. या दोन पर्यायांमधला फरक शेजारीशेजारी पाहिला की संपूर्ण विषयाचे मर्म हाती लागते.

हालचालीचे गणित साधे असले तरी त्याकडे दुर्लक्ष होते. आरसा जितक्या अंशांनी फिरतो त्याच्या दुप्पट अंशांनी परावर्तित किरण फिरतो. अक्षर १० अंश फिरले की त्यावरचा परिसर २० अंश सरकतो. म्हणून संथ वाटणाऱ्या फिरकीतही प्रतिबिंब धावते, आणि धातूची अक्षरे मॅट अक्षरांपेक्षा सावकाश फिरवावी लागतात. उलट अक्षर न फिरता नुसते बाजूला सरकले तर अनंतावरच्या परिसराचे प्रतिबिंब जवळजवळ जागचे हलत नाही आणि धातू मेल्यासारखा दिसतो. अशा वेळी अक्षर स्थिर ठेवून परिसराचे चित्रच फिरवतात. नावावरून डावीकडून उजवीकडे जाणारी ती ओळखीची लकाकी बहुधा याच युक्तीने केलेली असते.

रिकाम्या दृश्यात ठेवलेले क्रोम काळे दिसते, यात सॉफ्टवेअरचा दोष नसतो. परतवायला काहीच नसते. घासूनपुसून ठेवलेल्या स्टीलच्या तांब्यात जसे खिडकीचा उजेड आणि दाराचा अंधार दोन्ही शेजारी दिसतात, तसेच अक्षराला दोन्ही लागतात. मोठ्या पांढऱ्या प्रकाशपट्ट्यांच्या मधोमध मुद्दाम काळे पडदे ठेवण्याची स्टुडिओतील छायाचित्रकारांची पद्धत इथेही जशीच्या तशी चालते. माझ्या मते नवशिक्याने धातूचे गुणधर्म बदलत बसण्याऐवजी परिसरात एक काळी पट्टी वाढवून पाहावी. क्रोम खरे तर पडलेल्या प्रकाशाच्या निम्म्याहून थोडाच जास्त परतवते; ते लखलखीत वाटते ते या उजेड-अंधाराच्या विरोधामुळे. एअरब्रशने क्रोमची अक्षरे रंगवणाऱ्यांना हे संगणकाआधीच माहीत होते: वर निळे आकाश, मध्ये क्षितिजाची गडद रेघ, खाली तपकिरी जमीन.

अक्षराचा आकारही तितकाच विचार मागतो. सपाट अक्षराला नुसती जाडी दिली, म्हणजे एक्स्ट्रूड केले, की पुढच्या बाजूची लंबदिशा सगळीकडे एकच राहते. मग ती बाजू परिसराचा छोटासा तुकडाच दाखवते: कधी पूर्ण पांढरी, कधी पूर्ण काळी. कडा गोलाकार तासल्या, म्हणजे बेव्हल दिला, की त्या अरुंद पट्टीत लंबदिशा भराभर बदलते आणि जवळजवळ सगळा परिसर तिथे दाटीने उमटतो. अक्षराची रूपरेषा त्यामुळेच चमकते. पुढची बाजू किंचित खरबरीत आणि बेव्हल लख्ख ठेवला तर शब्द वाचताही येतो आणि झळाळीही राहते; दोन्ही सारखेच चकचकीत केले तर प्रतिबिंबे अक्षर फोडून टाकतात. आजच्या बहुतेक प्रणालींत हे ‘मेटॅलिक’ (धातुपणा) आणि ‘रफनेस’ (खरबरीतपणा) या दोन मापांनी ठरते. ही मांडणी डिस्नेच्या ब्रेंट बर्ली यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या प्रतिमानामुळे रूढ झाली. बेव्हल फार बारीक असेल तर चालत्या चित्रात तो लुकलुकू लागतो. एका पिक्सेलमध्ये खिडकी आणि अंधार दोन्ही मावत नाहीत, म्हणून दर पिक्सेलमागचे नमुने, म्हणजे त्यात रंग मोजण्याचे बिंदू, वाढवावे लागतात किंवा बेव्हल रुंद करावा लागतो.

देवनागरीत यात आणखी एक अडचण येते, ती शिरोरेषेची. फाँटमध्ये प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येते आणि हे तुकडे एकमेकांना भिडतात किंवा एकमेकांवर चढतात. कागदावर ती अखंड रेघ दिसते; पण बेव्हल दिला की प्रत्येक सांध्यावर कड तयार होते आणि धातूची झळाळी तो सांधा हटकून उघडा पाडते. मात्रा आणि रफार जिथे रेषेला मिळतात तिथेही असेच होते. शिवाय अनेक त्रिमितीय सॉफ्टवेअर जोडाक्षरे नीट जुळवत नाहीत, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी पडते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारखे जुन्या पद्धतीचे फाँट, ज्यांत अक्षरांचे तयार तुकडे थेट उमटतात आणि सॉफ्टवेअरला जुळवणी करावी लागत नाही, त्यामुळे युनिकोड आल्यानंतरही शीर्षकांच्या कामात टिकून राहिले. भरवशाचा उपाय असा, की इंकस्केपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये शब्द लिहून त्याचे आकारात रूपांतर करावे, सगळे आकार एकत्र जोडून एकच बाह्यरेषा करावी, ती एसव्हीजी (रेषाचित्राची फाइल) म्हणून ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये आणावी आणि मगच जाडी व बेव्हल द्यावा. सलग झालेली शिरोरेषा ही लांब आडवी पट्टी असल्याने लकाकीची सर्वांत स्पष्ट वाट तीच ठरते. परिसरातला मुख्य प्रकाश तिच्या वरच्या बेव्हलमध्ये उतरेल अशा उंचीवर ठेवला तर पूर्ण शब्दावरून चमक न तुटता जाते.