लस ‘लागली’ नाही म्हणजे काय?

‘नवव्या महिन्यात सुई दिली होती, तरी गोवर उठलाच. मग उपयोग काय?’ गोवराची साथ आली की हा प्रश्न हमखास कानावर येतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीकडे साथ पसरली, तेव्हाही आला.

आधी साधा हिशेब करू. समजा, हजार मुलांपैकी ९०० जणांना नवव्या महिन्यातला डोस मिळाला, १०० जणांना नाही. या वयात हा डोस साधारण ८५ टक्के बाळांना लागू पडतो. म्हणजे ९०० पैकी १३५ मुलं उघडीच राहिली. सगळ्यांना लागण झाली तर रुग्ण २३५, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त लस घेतलेले! रुग्णालयाच्या वॉर्डात डोकी मोजणाऱ्याला लस फसवी वाटणारच. वाचलेली ७६५ मुलं तिथे दिसत नाहीत, ती घरी खेळत असतात.

पण १५ टक्क्यांना लस लागत का नाही? याला बऱ्याचदा कारण असते आईच, आणि ही यंत्रणा मला फार आवडते. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत वारेच्या (गर्भाशयात बाळाला पोसणाऱ्या अवयवाच्या) पेशी आईच्या रक्तद्रवाचे सूक्ष्म घोट गिळतात. पेशीच्या आत त्या घोटाची पिशवी होते आणि ती आम्ल होत जाते. पिशवीच्या भिंतीवर एफसीआरएन नावाचे प्रथिन असते. आम्लात ते आयजीजी जातीच्या प्रतिपिंडांना (रोगजंतूंना गाठणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांना) घट्ट धरते, बाळाच्या बाजूला सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ७.४ च्या आसपास आला, म्हणजे आम्लपणा गेला, की सोडून देते. धरलेले पार होते, न धरलेले बरेचसे पेशीतच पचते. ही उचल इतकी जोरदार, की पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात आयजीजी अनेकदा आईपेक्षाही जास्त भरते.

ही शिदोरी साधारण महिना-दीड महिन्यात निम्मी होते. सहा वेळा निम्मी झाली की उरतो चौसष्टावा हिस्सा. गोवराची लस म्हणजे दुबळा केलेला जिवंत विषाणू. तो अंगात थोडा वाढला तरच शरीर धडा शिकते. आईची उरलीसुरली प्रतिपिंडे त्याला वाढण्याआधीच गाठतात. वर्षानंतर लस दिली तर यश ९५ टक्क्यांच्या घरात जाते, पण तोवर थांबायचे तर मधले महिने बाळ उघडे. शिवाय स्वतःला गोवर न होता लसच मिळालेल्या आयांची शिदोरी मुळात लहान, लवकर संपणारी. आपल्याकडे नववा महिना ठरला तो या घासाघिशीतून.

(पुष्य नक्षत्रावर सोन्याचे थेंब चाटवून ‘इम्युनिटी’ वाढवणाऱ्यांनी यातली नेमकी कोणती पायरी वाढते ते सांगावे. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवा, हरकत नाही; विषाणूला त्याचा पत्ता नसतो.)

सोळा ते चोवीस महिन्यांतल्या दुसऱ्या डोसाला लोक ‘बूस्टर’ म्हणतात आणि ताप येईल म्हणून टाळतात. तो मुख्यतः बूस्टर नाहीच. पहिला ज्यांना लागला नाही, त्यांच्यासाठी ती दुसरी संधी आहे. कोणाला लागला नाही ते बाळाकडे बघून कळत नाही, म्हणून सगळ्यांनाच द्यायचा. साथीत कधी सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक डोस देतात. कार्डावर त्याची नोंद ‘शून्य डोस’. आईच्या शिदोरीपुढे तो टिकेल याची खात्री नसते, म्हणून नवव्या महिन्याची सुई त्यानंतरही घ्यावीच लागते.