मधमाश्या आणि संकरित सूर्यफुलाचे बीजोत्पादन

संकरित सूर्यफुलाच्या बियाण्याच्या प्लॉटमध्ये नर ओळींतला पराग मादी ओळींवर नेण्याचे काम मुख्यतः मधमाश्या करतात. सोलापूर जिल्ह्यात मध्यम ते भारी काळ्या जमिनीत हे पीक खरीप आणि रब्बी अशा दोन्ही हंगामांत घेता येते. तेलासाठी लावलेल्या सूर्यफुलात माश्या कमी आल्या तर उतारा घटतो. बियाण्याच्या प्लॉटमध्ये मात्र त्या आल्या नाहीत, तर मादी ओळींत जवळजवळ सगळे दाणे पोचट राहतात.

याचे कारण मादी वाणातच आहे. फ्रान्समधील लेक्लेर्क यांनी १९६९ साली पेशीद्रव्यीय नरवंध्यत्वाचा (म्हणजे आईकडून येणाऱ्या, कामाचा पराग न बनण्याच्या गुणाचा) स्रोत नोंदवला आणि मोठ्या प्रमाणावर संकर करणे शक्य झाले. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचा बीएसएच-१ हा भारतातील पहिला संकरित वाण १९८० मध्ये आला. नरवंध्य मादीच्या तबकात (सूर्यफुलाच्या गोल फुलोऱ्यात) हजारभर फुले असली, तरी त्यांत कामाचा पराग नसतो. नर ओळींतला पराग जड आणि चिकट असल्याने वाऱ्याने फारसा वाहत नाही.

साधारणपणे तीन किंवा चार मादी ओळींमागे एक नर ओळ लावतात. अडचण इथेच सुरू होते. पराग गोळा करणाऱ्या माश्या नर ओळींतच घुटमळतात, कारण मादी फुलांत त्यांना काही मिळत नाही. मधुरस शोधणाऱ्या माश्या दोन्हीकडे फिरतात आणि खरे परागीभवन त्यांच्यामुळे होते. म्हणून शेतात मधमाश्यांच्या पेट्या आहेत एवढ्याने भागत नाही. मादी तबकांवर माश्या बसतात का, हे सकाळी ओळींतून फिरून पाहणे अधिक महत्त्वाचे. कॅलिफोर्नियातील २००६ च्या एका अभ्यासात, रानमाश्यांच्या सहवासात मधमाश्या फुलांवरून अधिक हलतात आणि त्यांची कार्यक्षमता पाचपटीपर्यंत वाढते, असे दिसले. बांधावरची झाडेझुडपे आणि आग्या, सातेरी, फुलोरी माश्यांची पोळी राखणे त्यामुळे शेतकऱ्याच्याच फायद्याचे आहे.

हेक्टरी सुमारे पाच पेट्या ठेवण्याची शिफारस असते. थोडी फुले उमलल्यावर त्या आणाव्यात; फार आधी आणल्यास माश्यांना दुसऱ्या पिकाची सवय लागते. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नये. अगदीच गरज पडल्यास संध्याकाळी, माश्या परतल्यावर फवारावे. सोलापुरात डाळिंबाच्या बागा बऱ्याच असल्याने शेजारच्या बागाईतदाराशी फवारणीच्या वेळा आधी ठरवाव्या लागतात.

माश्या कमी असतील तर हाताने परागीभवन करतात. सकाळी ८ ते ११ या वेळेत हाताला तलम कापड गुंडाळून आधी नर तबकावर आणि मग मादी तबकावर हलकेच फिरवतात. तबकातली फुले कडेकडून मध्याकडे आठवडाभर उमलत जातात, म्हणून हे काम एक दिवसाआड पुन्हा करावे लागते. मजुरी बरीच जाते.

माश्यांमुळे परका पराग येण्याचा एक धोकाही असतो. प्रमाणित संकरित बियाण्यासाठी इतर सूर्यफुलापासून किमान ४०० मीटर अंतर लागते, पण माशी त्याहून कितीतरी लांब उडते. त्यामुळे दुसऱ्या सूर्यफुलाच्या शेतातून उचललेल्या पेट्या थेट बीजप्लॉटमध्ये ठेवत नाहीत. मादी ओळींत पराग देणारे झाड दिसताच ते उपटून काढतात.