खैर आणि बाभूळ: लेथवर चढवण्याआधी

वखारीच्या कोपऱ्यात साल निघालेला, आतून लालसर, उचलताना खांदा वाकवणारा ओंडका पडलेला असतो. विचारलं की उत्तर ठरलेलं: "खैर आहे साहेब, एकदम पक्का माल." बऱ्याचदा तो बाभळीचा जुना गाभा असतो. कधी उलटंही होतं, बाभूळ म्हणून खैर गळ्यात पडतो. दोन्ही काटेरी, दोन्ही एकेकाळी 'अकेशिया' या एकाच प्रजातीत मोजलेली झाडं. आता वनस्पतीशास्त्रज्ञांनी त्यांची घरं वेगळी केली आहेत: बाभूळ 'वॅचेलिया'त गेली, खैर 'सेनेगालिया'त. लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, हात चालवणाऱ्याला हे वेगळेपण पहिल्या दहा मिनिटांतच कळतं, पण तोवर पैसे देऊन झालेले असतात.

झाड उभं असेल तर गोंधळाला फारशी जागा नाही. बाभळीचे काटे सरळ, लांब, पांढरट. खैराचे आखूड, आकड्यासारखे वळलेले, पानाच्या देठाखाली जोडीने. बाभळीचं फूल म्हणजे पिवळा गोंडा, खैराचा फिकट पिवळा लांबट तुरा. बाभळीची शेंग माळेसारखी, दोन बियांमध्ये आवळलेली. खैराची चपटी, तपकिरी, पातळ. नाशिक जिल्ह्याचा नकाशाही निम्मं काम करतो. पेठ, सुरगाणा, हरसूल, त्र्यंबकच्या डोंगरउतारावरच्या जंगलात खैर. सिन्नर, येवला, नांदगावकडच्या बांधावर आणि ओढ्याकाठी बाभूळ. सिन्नरच्या शेतकऱ्याने "बांधावरचा खैर" विकायला काढला, तर शेंग बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

कापलेल्या लाकडात खरी पंचाईत. रंगावर जाऊ नका. ताजी कापलेली बाभूळ आतून गुलाबीसर असते आणि वर्षं उलटली की गडद होत होत खैराच्या जवळ जाते. आधी वजन बघा. वाळलेला खैर घनमीटरला हजार किलोच्या आसपास भरतो, म्हणजे पाण्याइतका. बाभूळ साधारण आठशे, आणि ओळखीचा साग साडेसहाशे. म्हणून खैराच्या पक्क्या गाभ्याचा तुकडा बादलीत टाकला तर बुडतो किंवा जेमतेम तरंगतो, बाभळीचा तरंगतो. ही परीक्षा फक्त वाळलेल्या लाकडाची. ओली बाभूळही बुडू शकते, त्यात पाणीच तेवढं भरलेलं असतं.

दुसरी खूण जास्त भरवशाची आहे. ठोकळ्याचं टोक धारदार पटाशीने स्वच्छ तासून भिंगातून बघा. खैराच्या छिद्रांत जागोजागी पांढरट, खडूसारखं काहीतरी भरलेलं दिसतं. तो कातच, झाडाने स्वतः साठवलेला. याच गाभ्याचे टवके उकळून, तो अर्क आटवून पानाचा कात करतात. त्यामुळे घरगुती चाचणी सोपी आहे: मूठभर टवके गरम पाण्यात भिजवायचे, पाणी तपकिरी झालं की त्यात चुना मिसळायचा. खैर असेल तर विड्यासारखा लाल रंग उतरतो. फिकट मातकट काही आलं तर टवक्यांत पांढरं बाहेरचं लाकूड जास्त गेलं असेल. गाभ्याचे टवके घेऊन पुन्हा करा.

आता लेथ. बाभूळ ओली असताना कातायला घ्यावी, हे माझं ठाम मत. ओली बाभूळ गोल पटाशीखाली लांब, ओलसर छिलके देते, हाताला धक्का देत नाही, आणि नवशिक्याला पटाशी कशी धरायची हे शिकवते. वाळल्यावर तीच बाभूळ अडेल होते. पीळ असलेल्या भागात तंतू उपटले जातात आणि खडबडीत पट्टे पडतात. ते घासून काढण्यात वेळ घालवू नये, धार लावून पुन्हा हलका कट घ्यावा. वाटी करायची असेल तर ओल्या लाकडात भिंत जाड ठेवून कातायची, टोकांना मेण किंवा जुना ऑइल पेंट फासायचा, आणि वाळून वाकडी झाली की दुसऱ्यांदा कातायची. नाशिकच्या एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी असते की उघड्यावर ठेवलेला ओला ठोकळा बघता बघता फाटतो. अशा दिवसांत तो गोणपाटात, सावलीत आणि वाऱ्यापासून आडोशाला हवा.

खैराचा ठोकळा म्हणजे वेगळंच प्रकरण. वाळलेल्या खैरातून छिलके निघत नाहीत, निघते ती लाल भुकटी आणि बारीक कपच्या. पटाशीची धार गेल्याचं डोळ्याला दिसण्याआधी कानाला कळतं: कट घेताना येणारा भरीव 'सर्र' आवाज पातळ, कर्कश होतो. त्या क्षणी थांबून ग्राइंडरकडे जायचं. दाब वाढवला की लाकूड तापतं, धार निळी पडते, आणि पटाशी एकदा अडकली की मनगट दुखावतं. धारेचा कोनही बदलावा लागतो. मऊ लाकडाला चाळीस-पंचेचाळीस अंशांची पातळ धार चालते, खैराला साठच्या जवळ न्या, नाहीतर कड तुटते. शेवटचा हात स्क्रॅपर (लाकूड खरवडायचं हत्यार) तिरका धरून फिरवावा. बाभळीवर स्क्रॅपर तंतू ओढतो, खैरावर मात्र तो आरशासारखा पृष्ठभाग देतो.

वेगाचा हिशोब दोन्हीला तोच: इंचांतला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे, उत्तर सहा ते नऊ हजारांत बसवायचं. चार इंची ठोकळ्याला दीड हजार ते सव्वादोन हजार फेरे. पण खैराला खालच्या आकड्याच्याही खाली सुरुवात करावी. त्याच मापाच्या सागापेक्षा तो दीडपट जड असतो, आणि असा बोजा चकमधून (ठोकळा पकडणाऱ्या जबड्यातून) सुटला तर हेल्मेटही कमी पडतं. टेलस्टॉकचा, म्हणजे ठोकळ्याच्या दुसऱ्या टोकाचा, टेकू शक्य तितका वेळ काढू नये.

घासण्याबद्दल थोडं. इतकं दाट लाकूड पॉलिश पेपरखाली पटकन तापतं आणि टोकाकडच्या पृष्ठभागावर केसाएवढ्या भेगा उमटतात. कागदाच्या मागे बोटाला चटका बसायला लागला म्हणजे उशीर झालेला असतो. वेग कमी करा, कागद हलवत ठेवा. खैराचं ओलं घासकाम टाळावं, रंग सुटून पांढऱ्या भागावर पसरतो. भुकटी नाकात जाऊ देऊ नये, साधा रुमाल पुरत नाही, मास्क लागतो.

दोन्ही लाकडांत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर, म्हणून ओला ठोकळा लेथच्या लोखंडी बेडवर रात्रभर ठेवला तर सकाळी निळसर-काळा डाग. पूर्वीची काळी शाई याच रसायनाने बनायची. त्यामुळेच जुन्या बैलगाडीच्या चाकाचे तुंबे (आऱ्या बसवलेले मधले ठोकळे) मला आवडतात. ते बहुधा बाभळीचे असतात, वर्षानुवर्षं वाळलेले, आता भंगाराच्या भावात मिळतात, आणि खिळ्यांभोवती काळे ढग पसरलेले असतात. ते ढग ऑक्झॅलिक ॲसिडने जातात, पण कशाला घालवायचे? खिळे मात्र लोहचुंबक फिरवून एकूण एक शोधा, नाहीतर पटाशीची कड गेलीच म्हणून समजा.

बाभळीची एक खोड खैरात कमी आहे. तिचा बाहेरचा पांढरा थर रुंद असतो आणि त्याला भुंगा लागतो. पिठासारखा भुसा खाली पडायला लागला की समजायचं. जुने सुतार ओंडके विहिरीत किंवा तळ्यात महिनोन् महिने बुडवून ठेवत. किडीला हवा असलेला स्टार्च पाण्यात निघून जातो, म्हणून ते शहाणपणाचं होतं. आज तेवढी सवड नसेल तर पांढरा थर कातून टाका.

कशाला काय वापरायचं? अवजाराचे दांडे, मोगरी, भोवरा, रोजचं लाटणं, मोठी वाटी, हे सगळं बाभळीचं. ती धक्का सोसते. खैर लहान, जड, चमकदार वस्तूंना: पेन, मुठी, बुद्धिबळाच्या सोंगट्या. पाण्यात भिजणारी वस्तू खैराची नको, रंग सोडते. पंचवटीत समिधा विकणाऱ्यांकडे खैराच्या काड्या मिळतात, नवग्रहांत मंगळाची समिधा खैराची, आणि यज्ञात तुपाची आहुती द्यायचा स्रुवही खैराचाच सांगितला आहे. कोरड्या हातात धरायची, तुपाने माखणारी पळी: लाकडाची निवड अगदी बरोबर.

शेवटी कागदपत्रं, कारण इथे दोन्ही लाकडं एका पारड्यात बसत नाहीत. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत खैर आहे, साग, तिवस, ऐन, अंजन यांच्याबरोबर. स्वतःच्या शेतातला खैरही परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि नेताना वाहतूक परवाना लागतो. बाभूळ त्या यादीत नाही. महापालिका हद्दीत मात्र 1975 चा वेगळा कायदा आहे, तिथे कुठलंही झाड तोडायला परवानगी हवी. काताच्या धंद्यासाठी खैराची चोरटी तोड होते, तेव्हा पेठ-सुरगाण्याकडून कुणी सालीसकट ताजा खैर स्वस्तात देऊ केला तर आधी पास मागा. पास नसेल तर तो ओंडका गाडीत चढवू नका.